वरच्या ओट्याखालची भिंत

घर बघायला गेलं की माणसं आधी नळ सोडून बघतात. मग पश्चिम कुठे, पार्किंग कुठे, पाणी किती वेळ येतं. शेगडीचं तोंड कुठल्या दिशेला येणार हे विचारल्याशिवाय तर आपल्याकडे कुणाला चैनच पडत नाही. मीही इतकी वर्षं तेच करत आले. पुण्यातले जुने फ्लॅट घ्यायचे, समोर उभं राहून दुरुस्त करून घ्यायचे आणि भाड्याने द्यायचे, हा माझा उद्योग. नवरा नोकरीतून निवृत्त झाला तसं मी त्यालाही यात ओढलं. माणूस शांत आहे. वाद वाढायला लागला की वर्तमानपत्र उंच धरतो. माझा आवाज मात्र पटकन चढतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

कर्वेनगरातला तो फ्लॅट आम्ही घेतला तो ओपन किचनसाठी. जुनी सोसायटी, तळमजला आणि वर दोनच मजले, लिफ्ट नाही. आमचा पहिला मजला. एजंटने बरोबर संध्याकाळी नेलं होतं. वर पांढरंशुभ्र पीओपीचं खोटं छत, त्यात लपवलेले पिवळे दिवे, आणि हॉल आणि स्वयंपाकघर मिळून एकच ऐसपैस जागा. मी दारातच म्हटलं, "आयटीतलं जोडपं आलं ना, चपला काढायच्या आत हो म्हणेल."

नवरा इकडेतिकडे बघून म्हणाला, "या वयाच्या इमारतीत एवढी मोठी खोली कशी काय?"

"तुम्हाला चांगलं काही दिसलं की पोटात दुखतं," मी म्हटलं. व्यवहार झाला.

आता कुणी विचारलं तर मी एकच सांगते. जुन्या इमारतीत फ्लॅट घेण्याआधी त्याच्या वरचा आणि खालचा फ्लॅट बघा. काहीतरी निमित्त काढा, साखर मागा, पण आत जाऊन बघा. अशा इमारतींना खांब नसतात. भिंतींवर स्लॅब, त्या स्लॅबवर वरच्या मजल्याची भिंत, बरोबर खालच्या भिंतीच्या डोक्यावर. लोड बेअरिंग म्हणतात ते हेच. वरच्या घरात जिथे भिंत आहे तिथे तुमच्या घरात भिंत असायलाच हवी. नसेल तर ती कुणीतरी काढली आहे, आणि वरची भिंत नुसती लटकते आहे. हे मला एजंटने सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं नाही, आणि विकणाऱ्याने तर सांगणं शक्यच नव्हतं. काढणारा तोच होता.

आम्हाला कळलं ते काम सुरू झाल्यावर. आमचा कॉन्ट्रॅक्टर शहराने गिळलेल्या एका गावातला, पिढीजात शेतकरी. जमिनी गेल्यावर बांधकामात शिरलेला. तोंडाने गोड, हाताला उरक असलेला. पीओपीवर एका कोपऱ्यात ओलीचा डाग होता म्हणून मी तेवढा भाग उतरवायला सांगितला होता. दुपारी पोचले तर माणसं काम थांबवून बाहेर जिन्यात बसलेली. कॉन्ट्रॅक्टर आत एकटाच मान वर करून उभा.

"ताई, वर कोन ऱ्हातं?" त्याने विचारलं.

मी वर बघितलं. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधोमध छताला एक लांब पट्टा उघडा पडला होता. तिथे कधीकाळी नऊ इंची भिंत होती. ती पाडून त्या हुशार माणसाने दोन लोखंडी अँगल आडवे टाकले होते, टोकं बाजूच्या भिंतींत खुपसून. वरच्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं मुरून ते अँगल गंजून फुगले होते, त्यांचे पापुद्रे हाताने निघत होते. स्लॅबला मधोमध पोट सुटलं होतं. आणि त्यावरून येत होता आवाज, ठक ठक, ठक ठक, एका लयीत. थोडी बारीक पांढरी माती माझ्या खांद्यावर पडली.

मी तशीच वर गेले. दार उघडंच होतं. पोळी-भाजीची मेस होती ती. कर्वेनगर म्हणजे कॉलेजांचा भाग, घरोघरी पोरं भाड्याने राहतात, त्यांचे डबे इथून जायचे. चार-पाच बायका जमिनीवर पाट घेऊन पोळ्या लाटत होत्या. एका अंगाला कणकेची पोती, मोठा पाण्याचा ड्रम, आणि कडाप्प्याचा लांबलचक ओटा. त्यावर दोन भट्ट्या आणि चाकाएवढा तवा. ओटा ज्या भिंतीला टेकलेला होता त्या भिंतीवर खालपासून माळ्यापर्यंत डबे आणि पातेली. जाडजूड, भक्कम भिंत. बरोबर त्याच जागी, जिथे खाली माझा ऐसपैस हॉल होता.

मेस चालवणाऱ्या बाई तव्यावरून वळल्या. यवतमाळकडच्या, पन्नाशीच्या, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. "काय पायजे मॅडम? डबा लावाचा हाय काय?"

भर कामात एवढ्या बायकांसमोर हे सांगायचं कसं? "नंतर येते," म्हणाले आणि खाली आले.

खाली आमची जुंपली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, ह्ये लई वर्सं असंच हाय. पडायचं आसतं तर कवाच पडलं आसतं. मी दोन नवे अँगल मारतो, रंग देतो, वरून पीओपी करून टाकतो. कुनाला कळनार न्हाय."

"आणि वरून त्या बायका तव्यासकट खाली आल्या तर? पीओपीत झेलणार आहात का?"

मग नवरा, जो सहसा बोलत नाही, तो बोलला. "त्याचं अगदीच चूक नाही. आपण काही तोडलेलं नाही. सांगायला गेलो तर हा फ्लॅट ना विकता येणार, ना भाड्याने देता येणार. आधी आपण नीट विचार..."

"अहो, विचार कसला? त्या आत्ता तिथे बसल्यात!" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. नवऱ्याकडे तेव्हा वर्तमानपत्र नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्याचा भयंकर संताप आला, आणि भीतीही वाटली, कारण एक क्षणभर मलाही वाटलं होतं की झाकून टाकावं.

बांधकामाचा इंजिनियर ओळखीतला होता. तो दुसऱ्याच दिवशी आला. दोरी ताणून स्लॅबचं पोट बघितलं, हातोडीने ठोकून बघितलं, गच्चीवर जाऊन आला. अँगल जिथे भिंतीत शिरत होता तिथे एक तिरकी चीर होती. तिच्यावर त्याने काचेची एक छोटी पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली.

"हे कशाला?"

"चीर हलली तर काच फुटेल. मग आपल्याला कळेल."

"पडेल का?"

"पडेल असं मी म्हणत नाही. पडणार नाही असंही म्हणणार नाही." हातावरची माती पुसत तो म्हणाला, "आधी वरचं वजन काढा. गच्चीवरच्या टाक्याही नेमक्या याच भिंतीच्या वर आहेत, त्या रिकाम्या करा. वरचं स्वयंपाकघर रिकामं करा. मग खालून टेकूचे जॅक लावू आणि भिंत परत बांधू. पण जॅक कसताना स्लॅबला धक्का बसतो. तेव्हा वर एकही माणूस नको. आणि तोवर तुमची माणसंही या खोलीत नकोत."

टाक्या सोसायटीच्या, म्हणून मी आधी चेअरमनकडे गेले. तळमजल्यावर राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बोलणं अतिशय सभ्य आणि त्यामुळेच अंगाची लाही करणारं. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"टाक्या रिकाम्या करायच्या. बरं. आणि सभासदांनी आंघोळी आपल्या ओपन किचनमध्ये करायच्या का?"

"विनोद नंतर करा हो. वर बायका आहेत. मेस बंद करावी लागेल काही दिवस."

तेव्हा कुठे त्यांनी नीट माझ्याकडे बघितलं. मेसवर त्यांचा जुना राग होता हे मला ठाऊक नव्हतं. "मेस बंद करावी लागेल," त्यांनी सावकाश माझेच शब्द उच्चारले. "हे आपण लेखी द्याल का? म्हणजे मेसच्या वजनामुळे इमारतीला धोका, असं?"

"मेसमुळे नाही. खालची भिंत पाडल्यामुळे. आणि टाक्याही आहेत वर."

"टाक्यांचं बघू. आधी मेस."

मी जे लिहून द्यायला तयार नव्हते ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि त्याच संध्याकाळी वॉचमनच्या हाती वर पाठवलं. मला याचा पत्ता नाही. मी आपली दुसऱ्या दिवशी सकाळी नीट साडी नेसून, शब्द जुळवून वर गेले. या वेळी दार बंद होतं. बेल दिली तर फटीतून त्या बाई.

"ताई, मला दोन मिनिटं बोलायचं होतं, तुमच्या ओट्याखाली..."

"मालूम हाय मले," त्या म्हणाल्या. "आधी म्हने मसाल्याचा वास येते. मंग म्हने झुरळं होते. मंग म्हने पोरं जिन्यात चपला काढते. आता म्हने छत पडते! उद्या काय म्हनसान, भूत हाय? तुमाले हा वरचा फ्लॅट स्वस्तात पायजे, त्या चेअरमनले मेस नको पायजे. दोघं मिळून करून राहिले तुम्ही हे."

"अहो, माझा आणि त्यांचा काही संबंध नाही!"

"पोरायच्या परीक्षा चालू हाय. मी नाई बंद करत. मालक अमेरिकेत हाय, त्याले सांगा." दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

कर्म माझं. जिन्यातच मी चेअरमनच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग सुरू झाला तो सगळ्यात वाईट काळ. जॅक आणून पार्किंगमध्ये टाकलेले, पण लावता येईनात. अमेरिकेतल्या मालकाला मेल केला, उत्तर नाही. मला घरी बसवेना. स्वारगेटजवळ आमचं घर, तिथून रोज सकाळी उठून यायचं, आमच्या फ्लॅटच्या दारात खुर्ची टाकायची आणि आत न जाता लांबून त्या काचेच्या पट्टीकडे बघत बसायचं. वरून लाटण्यांचा आवाज. परीक्षांमुळे डबे वाढले होते, आवाजही वाढला होता. कुणी जड पातेलं ठेवलं की माझा जीव टांगणीला लागायचा. नवरा थर्मासमधून चहा ओतून द्यायचा आणि जवळच पायरीवर बसायचा. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो. एकदा तो म्हणाला, "पोलिसांना सांगायचं का?" मी म्हटलं, पोलिस आले की चेअरमनचं पत्र पुढे होणार आणि त्या बाईचं सामान रस्त्यावर येणार.

आणि मग एका सकाळी दार उघडलं तर काच फुटलेली. सरळ मधोमध. खाली जमिनीवर हाताच्या तळव्याएवढा प्लास्टरचा तुकडा.

त्यानंतर मी साडी नीट केली नाही, की शब्द जुळवले नाहीत. वर जाऊन दार बडवलं. ते उघडलं तशी मी आत घुसून त्या बाईंचं मनगटच धरलं, पिठाने माखलेलं.

"खाली चला. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण खाली येऊन घाला."

"सोडा! काय गुंडागर्दी हाय..."

"एकदा बघा आणि मग म्हणा मी खोटं बोलते. तुमच्या पाया पडते, चला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाने की भीतीने, मला सांगता येणार नाही. बहुतेक त्या पाण्याकडे बघूनच त्या आल्या. चिडलेल्याच, पदर खोचलेला, हातात लाटणं तसंच.

मी त्यांना उंबऱ्याशी उभं केलं आणि वर बोट दाखवलं. त्यांनी गंजके अँगल बघितले. खाली आलेलं पोट बघितलं.

"हे माह्या कोन्त्या खोलीखाली हाय?"

"ओटा ज्या भिंतीला आहे ना तुमचा, ती भिंत खाली इथे यायला हवी होती." मी मोकळ्या हॉलकडे हात केला. "इथे. इथे काही नाही."

तेवढ्यात वरून आवाज आला. ठक ठक. त्यांच्याच बायका. स्वतःचं स्वयंपाकघर त्यांनी पहिल्यांदाच खालून ऐकलं असणार. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. मधल्या पट्ट्यातून माती भुरभुर खाली आली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"अरे बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे धावल्या.

"धावू नका! हळू! जड काही उचलू नका!" मी मागून ओरडले. वर लाटण्यांचे आवाज एकेक करून थांबले. मग भट्टीची भरभर बंद झाली. ती शांतता मला आवाजापेक्षा भयानक वाटली. बायका हाताला कणीक लागलेली तशाच जिन्याने खाली आल्या, पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या. मी मोजायला लागले तर मेसवाल्या ताईच नाहीत.

त्या भरलेले डबे आणायला परत गेल्या होत्या. "पोरं उपाशी पेपरले जातीन," म्हणत होत्या म्हणे. मी जिन्याच्या कठड्याला धरून किंचाळले. खरंच सांगते, एक पायरी चढवेना. आणि माझ्या बाजूने माझा नवरा वर गेला. काही न बोलता, चप्पल काढून, भिंतीच्या कडेकडेने. बाहेर आला तेव्हा डब्यांचा क्रेट त्याच्या हातात आणि पुढे त्या बाई. त्यांना त्याने पुढे घातलं होतं. खाली आल्यावर मी त्याला म्हटलं, "अक्कल आहे का तुम्हाला?" तो म्हणाला, "नाही." आणि पायरीवर बसला. त्याला धाप लागली होती.

फोन करून बोलावलेला कॉन्ट्रॅक्टर माणसं घेऊन आला. त्याला मी सांगितलं, गच्चीचं कुलूप तोडा. आधी झाकून टाकू म्हणणारा तो माणूस मुकाट्याने पहार घेऊन वर गेला. टाक्यांचं पाणी पन्हाळींतून धो धो खाली यायला लागलं. चेअरमन बाहेर आले ते थेट त्या पाण्यातच.

"हे कुणाच्या परवानगीने चाललंय?"

"लेखी हवं होतं ना तुम्हाला? देते नंतर," मी म्हटलं. "आता बाजूला व्हा."

इंजिनियर आला. खाली फळ्या टाकल्या, वर फळ्या टाकल्या, मध्ये एका ओळीत जॅक उभे केले. माणसं आत शिरली. एकाने एक जॅक किंचित पिळायचा, मग दुसऱ्याने दुसरा. इंजिनियर स्लॅबला हात लावून उभा, जणू आजाऱ्याची नाडी बघतोय. मध्येच वर कुठेतरी कडाड आवाज झाला. सगळे जागच्या जागी थिजले. ताटाएवढा एक पोपडा सुटून एका माणसाच्या पायाशी आदळला. मी डोळे मिटून घेतले. माझ्या शेजारी मेसवाल्या ताई उभ्या होत्या, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुढचा आवाज आला नाही. इंजिनियर म्हणाला, "धरलं." माणसं परत पिळायला लागली.

संध्याकाळपर्यंत स्लॅबखाली जॅकची रांग उभी होती, आणि आम्ही सगळे पार्किंगमध्ये डब्यातल्याच थंड पोळ्या खात होतो, कारण निम्मे डबे न्यायला कुणी आलंच नव्हतं.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

भिंत परत बांधली. नुसती बांधली नाही, वर लोखंडी गर्डर टाकून, खाली तळमजल्याची भिंत जागेवर आहे हे बघून, मूळच्यापेक्षा भक्कम. माझं ओपन किचन गेलं, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण काम चालू असेपर्यंत वरचं स्वयंपाकघर बंद राहिलं. पोरं किती दिवस थांबणार? परीक्षा संपल्या, काही गावी गेली, काहींनी पलीकडच्या गल्लीत दुसरी मेस लावली. कामाच्या बायकांनीही दुसरी कामं धरली. आणि चेअरमनने त्या अवधीत सभा बोलावली.

मी गेले. इंजिनियरचं पत्र घेऊन गेले. भिंत आता पूर्ण सुरक्षित आहे, वर स्वयंपाक करायला कसलीही हरकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. चेअरमन शांतपणे म्हणाले, "प्रश्न भिंतीचा नाहीये. प्रश्न तत्त्वाचा आहे. निवासी इमारतीत व्यवसाय नको."

"तुमच्या टाक्यांचं तत्त्व कुठे होतं तेव्हा?" मी उभी राहून विचारलं. दोघं-तिघं हसले. मग ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले तेव्हा त्याच हसणाऱ्यांनी हात वर केले. मी आणि नवरा, आमचे दोन हात विरुद्ध. नवऱ्याचा हात माझ्याआधी वर गेला होता, हे मी बघितलं.

अमेरिकेतल्या मालकाला आता मात्र उत्तर द्यायला वेळ मिळाला. त्याने कळवलं की त्याला कटकट नको, करार पुढे वाढवायचा नाही, एखादं कुटुंब बघतो. मी त्याला फोन केला, त्याच्या झोपेच्या वेळी मुद्दाम केला, भांडले. उपयोग शून्य. त्या बाईंना मी म्हटलं, आमचाच फ्लॅट घ्या, तुम्हाला हवा तसा ओटा बांधून देते. पण ठराव सगळ्या इमारतीला लागू होता. आमची दुसरी घरं शहराच्या त्या टोकाला, तिथे ना कॉलेज ना पोरं. त्यांची नणंद विश्रांतवाडीला राहते, कुणाच्या तरी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचं काम तिने बघून ठेवलं होतं. स्वतःची मेस चालवणारी बाई आता दुसऱ्याच्या तव्यापुढे उभी राहणार.

सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी आमच्या फ्लॅटमध्ये रंगाऱ्यांशी वाद घालत होते. त्या दारात आल्या. डोक्यावरून पदर, हातात पिशवी.

"पाहू द्या ती भिंत."

मी रंगाऱ्यांना बाहेर काढलं. त्या आत आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, तळहात टेकवला, मग थोडा जोर लावून बघितला.

"मजबूत हाय."

"चांगली मजबूत आहे," मी म्हटलं. "इंजिनियर म्हणाला, आता शंभर बायका बसवा."

त्या हसल्या नाहीत. हात भिंतीवर तसाच होता. "ताई, एक विचारू? राग नका धरू."

"विचारा ना."

"तुम्ही ते वरचं पीओपी काढलंच नसतं तं?"

"तर आज ना उद्या पडलं असतं ते, ताई. तुम्ही सगळ्या खाली..."

"हो, तुम्ही जीव वाचवला आमचा. मी सगळ्यायले तेच सांगतो. देवाले बी सांगतो." त्यांचा अंगठा भिंतीवरून फिरला. "पन रातच्याला झोप नाई येत, तवा वाटते. पडलं तं नाई ना ते."

मला राग आला. लपवत नाही, भयंकर राग आला. एवढं सगळं करून हे ऐकायचं? घसा दुखेपर्यंत ओरडले, लोकांशी वैर घेतलं, नवरा मरणाच्या दारात जाऊन आला, ते काय उगाच? फुटलेली काच मी जपून ठेवली होती, ती आणून दाखवावीशी वाटली. तो ताटाएवढा पोपडा, तो कडाड आवाज, सगळं सांगावंसं वाटलं. पण त्या सगळ्यात होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं, माझा हात धरून बघितलं होतं. तरी त्या जे म्हणत होत्या त्यात खोटं काय होतं? स्लॅब होता तिथेच होता. मेस मात्र गेली होती, आणि ती गेलेली दोघींनाही दिसत होती.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्यांनी भिंतीवरचा हात काढला, पदराला पुसला.

"नाही पडलं, ताई," मी म्हटलं.